दुसऱ्या दोराची गाठ

३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

माझ्या मागच्या पत्रात एक चूक आहे. चूक म्हणजे खोटंच. ते पत्र पेटीत टाकून घरी येईपर्यंत मला धीर होता, मग गेला, आणि गेले पाच दिवस मी मनातल्या मनात हे दुसरं पत्र लिहिते आहे.

मी लिहिलं होतं की २७ तारखेला दातांच्या डॉक्टरांच्या बोटीवर डोलकाठी चढताना माझा राखणदोर घासून जरा सैल झाला, बाबांना खालून लगेच कळलं, त्यांनी मला थांबवलं आणि मी तो पुन्हा आवळला. यातलं एक वाक्यही जसंच्या तसं घडलेलं नाही.

घडलं ते असं. मी कापडी खुर्चीत बसले, पट्टे आवळले, हेल्मेट घातलं, पाना आणि पक्कड दोरीने कमरेला बांधली. पहिला दोर, म्हणजे ज्याने बाबा मला विंच फिरवून वर ओढतात तो, खुर्चीच्या कड्याला बांधला. मग राखणदोर, म्हणजे पहिला तुटला तर धरून ठेवणारा दुसरा, हातात घेतला. तो कड्यातून ओवला, एक वळसा दिला, आणि तेवढ्यात डॉक्टरांच्या बायकोने विचारलं, "वर गेल्यावर पोटात गोळा येत नाही का गं?" मी म्हटलं, "सवय आहे." हे म्हणताना माझे हात थांबले, आणि बोलून झाल्यावर हातांना वाटलं की गाठ मारून झाली.

मग बाबा आले. आपली घरची रीत तुला ठाऊकच आहे. गाठ बांधणाऱ्याने स्वतःची गाठ तपासायची नाही, दोर धरणाऱ्याने तपासायची, तीही डोळे मिटून, बोटांनी. बाबांनी डोळे मिटले, पहिल्या गाठीवरून बोटं फिरवली, म्हणाले, "एक." दुसरीवरून फिरवली, म्हणाले, "दोन." आणि मी वर निघाले.

पहिल्या आडव्या दांडीशी पोचले तेव्हा दिसलं की राखणदोराचं टोक माझ्या डोक्याच्या दोन हात वर लोंबतंय. बाबा नेहमीप्रमाणे त्याचा ढील ओढून घेत होते आणि तो मोकळा दोर माझ्या पुढे पुढे वर चालला होता. हात पुरत नव्हता. "थांबा" म्हणून ओरडायचं, एवढंच करायचं होतं. आत्या, मी ओरडले नाही. खाली चारजण मान वर करून बघत होते, आणि मला त्यांच्यासमोर "माझी गाठच नव्हती" असं म्हणायचं नव्हतं. तिथून टोकापर्यंत नऊ मीटर मी एकाच दोरावर गेले. वर त्या दोराच्या टोकाची कडी कप्पीला अडली होती, ती हाती लागली. मी "ढील द्या" म्हटलं, गाठ बांधली, तीनदा ओढून पाहिली. मग कामाला लागले. कप्पीला तडा गेला आहे, नवी बसवावी लागेल. खाली आले तेव्हा बाबांनी पुन्हा डोळे मिटून "एक, दोन" केलं आणि पाठीवर थाप मारली.

म्हणजे घोळ सगळा माझा. बाबा त्या दिवशी कुठल्यातरी विचारात असतील, त्यांचा काय दोष. पण त्यांना हे सांगायला हवं ना? नवी कप्पी आली की पुन्हा चढायचं आहे, आणि डॉक्टर पंचवीस तारखेला लांबच्या सफरीला निघतायत. तू सांगशील तसं करीन. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, आणि हे अर्धं ऐकण्यासारखं नाही, म्हणून लिहिलं.

तुझी
शंकासूर


८ ऑक्टोबर

शंकासुरा,

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग हसू आलं, मग परत घाबरले. तुझं पत्र म्हणजे पोलिसांपुढची जबानी असते. पाना आणि पक्कड दोरीला बांधली होती हे मला नको होतं गं, पण ठीक आहे, आता तेही कळलं.

आधी तुला झोडून घेते. ओरडली का नाहीस? दोन गोष्टी विसरलीस, एक गाठ आणि एक तोंड. पहिली माणसाकडून विसरली जाते. दुसरी तू कधी विसरत नाहीस, दुकानात सुटे पैसे नसले तरी तू अर्धा तास बोलतेस, मग तिथे काय झालं? चारजणांची लाज वाटली! ते चारजण तुला झेलणार होते का खाली?

बरं, झोडून झालं. आता मला काही प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं नीट दे. उगाच "बाबा विचारात असतील" असलं काही नको.

मी तुझ्या वयाची असताना दादाने एका दुपारी माझी गाठ तीनदा सोडून माझ्या अंगावर फेकली होती. गाठ बरोबर होती, फक्त टोक वीतभर हवं तिथे चार बोटं ठेवलं होतं. डोळे मिटून त्याला ते कळलं. तर असा माणूस अर्ध्या वळशावरून बोटं फिरवून "दोन" म्हणतो, हे मला काही पटत नाही.

तो हल्ली शर्टाची बटणं स्वतः लावतो का? चहाचा कप कसा धरतो, कानाला की अंगाला? मला त्याचं गेल्या महिन्याचं पत्र आलं तेव्हा कागद उलटा केला तर अक्षरं मागून उठलेली, दोन ठिकाणी पेन आरपार गेलेलं. त्याचं अक्षर असं कधीच नव्हतं. तो पेन इतकं दाबून का धरतोय?

त्याला अजून काही सांगू नकोस. आधी बघ. आणि मी कळवेपर्यंत वर चढू नकोस. ही विनंती नाही.

तुझी
आत्या


१२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझे प्रश्न वाचून मला आधी राग आला. मी माझी चूक सांगितली आणि तू ती बाबांच्या गळ्यात घालतेयस असं वाटलं. पेन दाबून धरतात कारण चिडलेले असतात, असंच मी म्हटलं असतं. पण बघ म्हणालीस म्हणून बघितलं.

बटणं आई लावते. विचारलं तर म्हणाली, "त्यांना घाई असते म्हणून." रोज घाई कशी असेल? आणि हल्ली ते बटणांचे शर्ट घालतच नाहीत फारसे, डोक्यातून घालायचे घालतात. कप दोन्ही हातांनी धरतात, अंगाला, आणि गरम आहे की गार ते ओठांनी बघतात. सुटे पैसे खिशातून काढताना ते सगळे टेबलावर ओततात आणि मग डोळ्यांनी निवडतात. हे सगळं माझ्यासमोर होत होतं आणि मी बोटीच्या एकेका खिळ्याची काळजी करत बसले होते.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातंय. मी बाबांना फसवलं.

शुक्रवारी दुपारी कामाच्या शेडमध्ये मी खुर्ची आकड्याला टांगली आणि दोन्ही दोर कड्याला लावले. पहिली गाठ नीट मारली. दुसरीचा मुद्दाम फक्त वळसा दिला, २७ तारखेसारखाच. मग म्हटलं, "बाबा, सराव करतेय, जरा तपासता का?" शिवणताई कोपऱ्यात शीड शिवत होत्या. (तुला त्यांचं नाव नवं असेल. शिडं शिवायला दोन वर्षांपूर्वी आल्या, खऱ्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही.) बाबा हात पुसत आले. जाता जाता शिवणताईंना म्हणाले, "काय हो, आज मशीन फार कुरकुरतंय, की तुम्हीच?" त्या म्हणाल्या, "मशीनला तेल घालता येतं, तुम्हाला काय घालायचं?" बाबा हसत हसतच खुर्चीशी आले आणि डोळे मिटले.

"एक," म्हणाले.

दुसऱ्या दोरावर त्यांची बोटं जास्त वेळ फिरली. वळशावरून, मोकळ्या टोकावरून, परत वळशावरून. मला वाटलं आता डोळे उघडतील आणि माझ्या अंगावर दोर फेकतील. मी मनात म्हणत होते, फेका. फेका ना.

"दोन," म्हणाले. मग म्हणाले, "आजची दुसरी छान बसलीय. कळतं बोटांना."

आणि मी "हो" म्हटलं, आत्या.

ते गेल्यावर मशीन बंद होतं. शिवणताई माझ्याकडे बघत होत्या. त्या उठून आल्या, त्यांनी दोराचं टोक धरून नुसतं ओढलं, ते सरळ हातात आलं. नंतर परत जाऊन बसल्या तेव्हा म्हणाल्या, "त्यांनी स्तुती तुझी केली, की न मारलेल्या गाठीची?" मी खुर्ची आकड्यावरून काढली.

तर आता मला कळलं आहे, पण काय करायचं ते कळत नाही. आपल्याकडे दुसऱ्या दोरावर वेगळं लटकून बघायची रीतच नाही. बाकीच्या गोद्यांमध्ये जमिनीपासून गुडघाभर उचलून आधी एका दोरावर आणि मग दुसऱ्यावर अंग टाकून बघतात. बाबा त्याला हसतात. "त्यांच्याकडे बोटं नाहीत वाटतं," म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं आपला राखणदोर म्हणजे खरं तर बाबांची बोटंच होती, आणि ती गेली तर काय करायचं हे कोणी ठरवलेलंच नाही.

आणि हे त्यांना स्वतःला कळलंय का? कळलं असतं तर त्यांनी मला वर पाठवलं नसतं. म्हणजे त्यांना माहीत नसणार. एखाद्या माणसाला जाऊन, तुमची बोटं तुमच्याशी खोटं बोलतायत, हे कसं सांगायचं?

शंकासूर


१५ ऑक्टोबर

बाळ,

मीही आता तुझ्यासारखीच सुरुवात करते. माझ्या मागच्या पत्रात एक चूक आहे, आणि ती तुझ्या चुकीहून मोठी आहे.

मी तुला प्रश्न असे विचारले जणू मी तर्क करतेय. मला ठाऊक होतं. दादाने मला फेब्रुवारीतच लिहिलं होतं. चहाच्या भांड्याने दोन बोटं भाजली आणि त्याला फोड आल्यावर कळलं. मग वहिनीने ओढून डॉक्टरकडे नेलं. साखर. बोटांच्या शिरा गेल्यात, परत येतील असं नाही. त्याने लिहिलं होतं, "पोरीला कळू देऊ नकोस. ती आधीच एकेक गोष्ट दहादा बघते. हे कळलं तर वर चढायचीच नाही, आणि मग तिने इतकं शिकून काय उपयोग?"

मी त्याला उलट लिहिलं की मग निदान डोळे उघडे ठेवून तपास, चष्मा लावून. त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं. "बघतो." मी तो शब्द मानला. नंतर मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं, आणि भावाला वाईट वाटू नये म्हणून मी आठ महिने गप्प बसले. तू सोळा मीटर वर होतीस.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही मी सरळ सांगायला हवं होतं. पण मी त्याला शब्द दिला होता. म्हणून म्हटलं पोरीलाच शोधू दे, म्हणजे मी सांगितलं असं होणार नाही. काय ही माझी हुशारी! तुला बापाच्या पाळतीवर बसवलं, त्याला फसवायला लावलं, का, तर माझा शब्द शाबूत राहावा.

तुला माझ्यावर चिडायचं असेल तर चीड. मी इथे आहे, कुठे जात नाही.

पण एक गोष्ट तुझी चुकली आहे, ती सांगते. त्याला माहीत नाही असं तुला वाटतं. त्याला माहीत आहे. फक्त त्याला असं वाटतं की बोटांना कळलं नाही तरी हाताला सवयीने कळेल. मी खांद्यामुळे चढायचं सोडलं तेव्हा दोन वर्षं मलाही असंच वाटायचं. कोणी वर निघालं की माझे हात आपोआप दोर धरायला पुढे जायचे. मग एकदा दादानेच माझ्या हातातून दोर काढून घेतला आणि मला लांब जाऊन उभं राहायला सांगितलं. मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही.

हे मी त्याला लिहू शकते. तू म्हणशील तर आजच लिहीन. पण माझं पत्र त्याच्या हाती पडेल तेव्हा तू शेजारी नसशील, आणि त्याला वाटेल की त्याच्यामागे आपण दोघी मिळून काहीतरी ठरवलं. तुझ्या तोंडून ऐकलं तर चिडेल. माझ्याकडून ऐकलं तर एकटा पडेल. तू सांग काय करू.

आत्या


१९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझ्या पत्राचं उत्तर मी तीनदा लिहायला घेतलं. पहिलं फार चिडून होतं, ते फाडलं. दुसरं फार समजूतदार होतं, तेही फाडलं, कारण मी तितकी समजूतदार नाही. तिसरं हे.

मी तुझ्यावर चिडले आहे. ते जाईल असं वाटतं, पण अजून गेलेलं नाही, आणि गेलं असं लिहिलं तर पुढच्या पत्रात पुन्हा दुरुस्ती करावी लागेल.

माझीही एक गोष्ट राहिली आहे. नवी कप्पी तेरा तारखेलाच आली. मी बाबांना आणि डॉक्टरांना सांगितलं की ती अजून वाटेत आहे. ती माझ्या पलंगाखाली चपलांच्या खोक्यात आहे. डॉक्टर रोज विचारतात, "काय, दाढ आली का?" आणि मी "नाही हो" म्हणते. बाबा दोनदा म्हणाले की ते स्वतः जाऊन चौकशी करतील. हे असं पंचवीस तारखेपर्यंत चालणार नाही. तडा गेलेली कप्पी घेऊन ती दोघं समुद्रात गेली तर तो माझाच दोष.

बाबांना मी सांगणार आहे. तू लिहू नकोस.

आज शिवणताई शेडमध्ये आल्या, सुट्टी असून. मी त्यांना विचारलं होतं की माझा दोर धराल का. त्या म्हणाल्या, "मला धरता येतो, पण मला शिकव. शिकवल्याशिवाय धरणार नाही." मग आम्ही दोघींनी तीन तास सराव केला. दोन्ही गाठी मी बांधल्या. त्यांनी त्या डोळे उघडे ठेवून पाहिल्या आणि हाताने ओढूनही पाहिल्या. मग गुडघाभर उचललं. आधी पहिल्या दोरावर मी उड्या मारल्या. मग तो ढिला करून दुसऱ्यावर. खुर्चीच्या पट्ट्याने मांड्या सोलल्यात. दोर विंचवर चार वेढे घेऊन मगच सैल सोडायचा, आणि वर माणूस असताना कोणी काहीही विचारलं तरी तोंड फिरवायचं नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चहा घेणार का विचारलं तरी?" मी म्हटलं, "तरी." "मग तुझे बाबा हे कसं करायचे? ते तर सगळ्या गोदीशी बोलतात." मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की दोर धरला असताना बाबा कधीच बोलायचे नाहीत. बाकी दिवसभर बोलतात, तेवढा वेळ नाही. वर मला कधी त्यांचा आवाज ऐकू आला नाही, आणि मी समजत होते की वर खालचा आवाज पोचत नाही.

बाबांसाठी काय काम ठेवायचं याचा मी खूप विचार केला. त्यांची समजूत काढायला म्हणून काहीतरी खोटं काम द्यायचं नाही, ते त्यांना एका मिनिटात कळेल. पण डोलकाठीपासून लांब उभं राहून वरचं सगळं बघणारा एक माणूस आम्हाला खरंच हवा आहे. विंचशी असलेल्याला मान वर करता येत नाही. दोर कुठे अडकतोय, टोक कुठे आहे, हे लांबूनच दिसतं. २७ तारखेचे चौघे बुडाशीच उभे होते; लांब असा कोणी जाणता असता तर माझा मोकळा दोर त्याला माझ्याआधी दिसला असता. बाबांची नजर अजून चांगली आहे. लांबचं तर माझ्याहून चांगलं दिसतं त्यांना. ते हे काम घेतील की नाही, मला माहीत नाही. दोर सोडून लांब उभं राहणं ही त्यांना शिक्षा वाटेल. नाही घेतलं तर डॉक्टरांना उभं करीन, पण मला बाबा हवे आहेत.

सांगायचं कसं हे ठरवलं आहे. आधी माझं सांगणार. २७ तारखेची गाठ, मी न ओरडता वर गेले ते, तुला खोटं लिहिलं ते, खोक्यातली कप्पी. मग शुक्रवारी मी त्यांना फसवलं ते, आणि त्यांनी माझी स्तुती केली तेव्हा मी "हो" म्हटलं ते. ते झालं की मग त्यांच्या बोटांबद्दल मला फारसं काही बोलावं लागणार नाही. फेब्रुवारीच्या पत्राचं काय करायचं, हे ठरत नव्हतं. लपवायचं नाही असं ठरलं. तू मला सांगितलंस हे मी त्यांना सांगणार. ते तुझ्यावरही चिडतील. तयार राहा.

ते म्हणाले, "तू चढायचं सोडणार का मग," तर मी म्हणणार, नाही. भीती मला आधीपासून आहे, त्यांना वाटतं तशी ती आज येणार नाही. त्यांनी माझ्यापासून हे लपवलं म्हणून मी नीट चढले असं झालेलं नाही. मी फक्त एकदा, आणि तेही निम्मं नकळत, एकाच दोरावर चढले.

चढायचं गुरुवारी आहे, तेवीस तारखेला, सकाळी, वारा उठायच्या आत. उद्या सोमवार, आई त्यांना रक्त तपासायला नेणार आहे, तो दिवस त्यांचा तसाही जातो. गुरुवारी सकाळी बोटीवर सगळ्यांसमोर सांगणं बरं नाही. बुधवारी सांगितलं तर त्यांना चिडायला एकच रात्र मिळेल, आणि एका रात्रीत त्यांचा राग निवत नाही, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. बुधवार पूर्ण त्यांचा असायला हवा, ओरडायला किंवा न बोलायला.

म्हणून मंगळवारी. एकवीस ऑक्टोबर, सकाळी सात वाजता, शेड उघडायच्या आधी, आम्ही दोघंच असताना.